लोकर आणि धातू : एका जुन्या सोयरिकीचा इतिहास

आमचे वरठी गाव रेल्वेने जाणाऱ्यास 'भंडारा रोड' या स्थानकामुळे परिचित आहे. जवळच्या भंडारा नगराची ख्याती पितळेच्या भांड्यांची, तर आपल्या धनगर समाजाची मेंढरांची व लोकरीची. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे ज्ञातिबांधव विचारतील. तो संबंध थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून त्यास हिरड्याची जोड दिली म्हणजे पक्का काळा रंग साधतो, हे आपल्या देशातील रंगाऱ्यांस पूर्वापार ठाऊक होते. पुढे गिरण्यांत लोकरीसाठी क्रोमियमचे क्षार आले. रंग टिकू लागले. परंतु सांडपाणी विषारी झाले.

इकडे इ. स. १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडन येथे दाखविले की, सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असता पाणी माणकासारखे तांबडे दिसते. मीटरच्या अब्जांश भागास नॅनोमीटर म्हणतात. एक ते शंभर नॅनोमीटरच्या कणांस आज नॅनोकण ही संज्ञा आहे. लोकरीत गंधक असते आणि सोने व चांदी गंधकास घट्ट धरून बसतात. याच गुणाचा उपयोग करून न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या विद्यापीठात मेरिनो लोकर सोन्याच्या कणांनी रंगविण्यात आली. चांदीच्या कणांनी दुर्गंधी उत्पन्न करणारे जंतू मरतात.

हे कण घडविण्यास पूर्वी तीव्र रसायने लागत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जिरेनियमच्या पानांच्या अर्कातून चांदीचे, तर २००४ साली परसातल्या गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे कण सिद्ध केले. वनस्पतीनेच रसायनाचे काम केले!

तथापि एवढ्याने वस्त्र निर्दोष ठरत नाही. धुताना सुटलेली चांदी अखेर नदीस मिळते व जलचरांस बाधते. कण कसा घडला इतकेच नव्हे, तर तो वस्त्रावर किती धुण्यांपर्यंत टिकला, हेही पाहिले पाहिजे. वैनगंगेकाठी राहणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी म्हणून तिला भाव मिळत नाही, आणि घोंगडी विणणारे हात कमी होत आहेत. ठाण्याच्या लोकर संशोधन संस्थेची स्थापना १९६३ सालची. तेथील दारे आपल्या मुलामुलींनी रसायनशास्त्राचे पदवीधर होऊन ठोठावावीत. मेंढरांमागे चालणाऱ्यांच्या नातवंडांनी या जाड लोकरीचा प्रश्न हाती घेतला नाही, तर इतर कोण घेणार?