दोन दुष्काळ

आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळत नव्हता. मुलगा होता, आणि दया येऊन पुढे आलेले दोन ब्राह्मण होते. चौथी उभी राहिली मुलगी, वय सोळा. तिची उंची कमी, खांदा बाकीच्यांच्या खांद्याला पोचेना, म्हणून तिनं तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं. स्मशान तीन मैलांवर होतं.

हे साल १८७४. ती मुलगी म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई. वडील, अनंतशास्त्री डोंगरे, काही आठवड्यांपूर्वीच गेले होते. नंतर मोठी बहीणही गेली. रोगापेक्षा उपासमारीनं ही माणसं खचत गेली. मद्रास इलाख्यातला मोठा दुष्काळ १८७६-७७चा म्हणून इतिहासात नोंदला आहे, पण गरिबाच्या घरी दुष्काळ सरकारी तारखेच्या आधीच पोचतो.

आपल्याला रमाबाई आठवतात त्या बहुतेक दोन वाक्यांत. संस्कृत पंडित होत्या, मग ख्रिश्चन झाल्या. मधल्या 'मग'मध्ये काय काय घडलं, ते शाळेत कुणी सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

अनंतशास्त्री हे विलक्षण गृहस्थ. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला, तरी ते हटले नाहीत. रमाबाईंचा जन्म १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. पुढे घरचा पैसा संपला आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थाटनाला निघालं. देवळाच्या आवारात बसायचं, पोथी वाचायची, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. अंगमेहनतीचं काम करायची रीत नव्हती आणि मुलांना ते शिकवलेलंही नव्हतं. अडचण आली की शास्त्रात सांगितलेलं व्रत, दान, अनुष्ठान करायचं. पैसे होते तोवर ते ब्राह्मणांना दान देत राहिले. मग दागिने विकले, मग भांडी. शेवटचा दाणा संपल्यावर सगळे तिरुपतीजवळच्या रानात मरायला म्हणून गेले. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, मी मजुरी करतो, पण हे नको. त्यांनी ते ऐकलं, तरी पुढे ते फार जगले नाहीत.

उरलेली दोघं भावंडं तशीच चालत राहिली, एकूण सुमारे चार हजार मैल. काही काळ व्रतंही चालू होती. पण शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं आणि तरी काही झालं नाही, हा हिशेब रमाबाईंच्या डोक्यातून जाईना. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या धर्मविचाराची मुळं इथे आहेत. त्यांनी धर्माला कायम भुकेच्या बाजूनं प्रश्न विचारले.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिला. स्त्रियांसमोर व्याख्यानं द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्र बारकाईनं वाचू लागल्या आणि हादरल्या. ग्रंथांचं एकमेकांशी कशावरच पटत नव्हतं, पण बायका मुळात वाईट आणि त्यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, याबाबत मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

मग घटना भराभर घडल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. पुढच्या वर्षी मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. चोवीस पूर्ण व्हायच्या आत सगळं माहेर गेलेलं, वैधव्य आलेलं आणि कडेवर लेक. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या.

इथे 'संकटात येशूनं आधार दिला' अशी सरळ गोष्ट सांगता आली असती. पण इंग्लंडमधलं ते वर्ष तसं नव्हतं. कानांनी दगा दिला, बहिरेपण वाढत गेलं आणि डॉक्टर व्हायचं स्वप्न संपलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजच्या मठात असताना आत्महत्या केली. रमाबाई बाटणार आणि आपल्यालाही बाटवणार, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती, असं मठातल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला नेहमी अस्वस्थ करतो. कुठलाही भाविक चरित्रकार या पानावर जरा घाईनं पुढे जातो.

मन वळलं कशानं? रमाबाईंनी 'माझी साक्ष'मध्ये सांगितलेलं कारण साधं आहे. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात नेलं. समाजानं 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे शुश्रूषा होत होती. शास्त्रं या बायकांना शिक्षा सांगत होती, आणि इथे त्यांना कुणी जेवू घालत होतं. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानातली ती बाई परजातीची, पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिरुपतीच्या रानातून जिवंत बाहेर आलेल्या बाईला त्या गोष्टीत काय दिसलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

पण श्रद्धा ठेवली म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतरची त्यांची आणि सिस्टर जेराल्डिन यांची पत्रं म्हणजे अक्षरशः भांडण आहे. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात कुठे आहे ते दाखवा. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नको? आत्ताच एका पुरोहितवर्गाचं जोखड फेकून आले आहे, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. मठाला शांत, आज्ञाधारक शिष्या हवी होती. त्यांच्याकडे आली अनंतशास्त्र्यांची मुलगी. खाणं शाकाहारीच राहिलं. पुढे त्यांनी लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. आधार सापडायला असा वेळ लागला, आणि तो सापडेपर्यंत त्यांनी खोटा दिलासा घेतला नाही.

मधल्या काळात अमेरिकेत व्याख्यानं देऊन आणि पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांच्या पुढच्या बाया कर्वे. सदन पुढे पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये स्फोट झाला. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली त्यात येऊन बसत. 'केसरी'नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी वीसहून जास्त मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंचं मला कळतं. लेकीला शिकायला पाठवणाऱ्या सनातनी बापाची भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच.

मग दुसरा दुष्काळ आला.

१८९६ची अखेर. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती आणि अनाथ मुली दलालांच्या हाती पडत होत्या. सदनाची शिल्लक बेताची होती. बातम्या वाचताना रमाबाईंना तो पाला, ती तिरडी आठवली असं त्यांनीच लिहिलंय. त्या निघाल्या आणि मुली आणत गेल्या. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली आणि बायका झाल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग, आणि शहरात इतकी माणसं ठेवायला बंदी. सुदैवानं केडगावला शेतजमीन घेतलेली होती. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, दौंडच्या अलीकडे. तिथल्या माळावर आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, मग विहिरी, मग इमारती. नाव ठेवलं मुक्ती.

याच काळात, १८९७ मध्ये, त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून प्लेगच्या सरकारी छावण्यांत बायकांची होणारी विटंबना उघड केली. तो विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटात गाजला. धर्म राज्यकर्त्यांचा घेतला म्हणून जीभ त्यांच्याकडे गहाण टाकली नव्हती.

१९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या घरात माणसं होती. दोन हजार पानं वाढायची म्हणजे काय, हे लग्नाचा हॉल एकदा सांभाळलेल्या माणसाला कळेल. आणि इथे ते रोजचं. अमेरिकेतल्या मंडळानं आधी मदतीची मुदत दहाच वर्षांची ठरवली होती. पैसे नाहीत त्या दिवशी प्रार्थना, आणि प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, गाईगुरं, छापखाना. जे अंगमेहनतीचं काम त्यांना स्वतःला लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं, ते इथे प्रत्येकीला शिकवलं गेलं. अंध मुलींना ब्रेल शिकवायला मनोरमा होती.

तरी एक प्रश्न उरतोच. रमाबाईंनी येशूला वर्षानुवर्षं उलटतपासणी घेऊन स्वीकारलं. मुक्तीतल्या भुकेल्या पोरीला भाकर आणि येशू एकाच हातानं मिळाले. तिला 'नाही' म्हणता येत होतं का? १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक उमाळ्याची मोठी लाट आली. शेकडो मुली रडत, एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा आरडाओरडा वाटला, पण रमाबाईंनी तो थांबवला नाही. मुलींच्या मनात काय होतं ते त्यांच्या हातचं फारसं लिहिलेलं मिळत नाही, आणि म्हणून मला मुक्तीची गोष्ट निव्वळ आरती करून सांगता येत नाही. पण ती मुलगी केडगावला आली नसती तर कुठे असती, हेही डोळ्यांआड करता येत नाही.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून, एकटीनं. मराठीत बायबल आधीच होतं, पण त्यातलं मराठी त्यांना फार पंडिती वाटे. मुक्तीतल्या बाईला वाचून कळेल असं हवं होतं. 'सरस्वती' पदवी मिळवलेली ही बाई ओळीओळीतून संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होती. छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बाया.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिच्याच हाती मुक्ती सोपवायची होती. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई भाषांतराच्या कामावर परत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून.