पोपटीतली कोंबडी कोणत्या राज्याची?

इयरफोन लावलेत? चला, आज पेण-रोह्याकडे जाऊ या.

थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की इकडे शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पंचाईत एवढीच, की बर्ड फ्लूच्या बातम्याही बहुतेक याच दिवसांत येतात. मग आपण विचारतो, चिकन खायचं का? शेडवाल्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो: माझा पक्षी निरोगी आहे हे कोण ठरवणार, आणि ते कुठपर्यंत मान्य होणार?

या प्रश्नाचं मूळ थेट राज्यघटनेत आहे. जनावरांचे आजार रोखणं हा राज्यांच्या सूचीतला विषय. पण आजार एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. थोडक्यात, कोंबडी शेडमध्ये असेपर्यंत राज्याची. टेम्पोत बसून सीमा ओलांडली की दोघांची.

आता नवापूरला जाऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावाचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला पहिला बर्ड फ्लू इथंच जाहीर झाला. निदान केलं भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेनं. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही आजार निघाला. विषाणूला प्लॅटफॉर्मवरची रेघ दिसत नाही हो! म्हणून सरकारनं नकाशावर रेघेऐवजी वर्तुळ काढलं: ३ किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे, १० किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचं. पुढे ३ चा आकडा १ वर आला.

वर्तुळ हा शहाणपणाचा मार्ग होता. पण घाबरलं, की सगळे परत रेघेकडेच धावतात.

तसं पाहिलं तर कागदावर नियम आहेत. २००१ साली केंद्रानं प्राणी-वाहतुकीच्या नियमांत कोंबड्यांचं प्रकरण घातलं: पक्षी संसर्गजन्य रोगापासून मुक्त आणि प्रवासाला धड आहेत, असा पशुवैद्यकाचा दाखला हवा. २००९ मध्ये जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी देशभर एकच कायदा आला. पण त्यातही 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर करायचं ते राज्य सरकारनंच.

जानेवारी २०२१ आठवतोय? परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या. दिल्लीनं बाहेरून येणाऱ्या जिवंत कोंबड्या थांबवल्या. मध्य प्रदेशानं केरळ आणि दक्षिणेतल्या इतर राज्यांतला माल दहा दिवस बंद केला. आजार नसलेल्या भागातला माल अडवू नका, असं केंद्राला राज्यांना सांगावं लागलं. दाखला सांगत होता पक्षी कसा आहे. नाकं विचारत होती तो कुठला आहे.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एक दिवसाची पिल्लं टपालानं राज्याराज्यांत जायची आणि त्यांच्याबरोबर पुलोरम नावाचा, पिल्लं मारणारा हगवणीचा रोगही. रक्ताची चाचणी होती, पण प्रत्येक राज्याची रीत निराळी. एकाचा 'निरोगी' दुसऱ्याला पटेना. शेवटी १९३५ मध्ये केंद्र, राज्यं आणि व्यावसायिकांनी मिळून राष्ट्रीय सुधार योजना आखली. सक्ती नाही, पण चाचणी आणि दाखल्याची भाषा एक. पुढे व्यावसायिक कळपांतून पुलोरम जवळजवळ हद्दपार झाला.

याच अमेरिकेनं २०१२ मध्ये आपल्याला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं. भारत बर्ड फ्लूच्या कारणावरून सबंध देशाचा माल बंद करायचा, आणि घरात मात्र १० किलोमीटरच्या वर्तुळावर भागवायचा! २०१५ मध्ये आपण हरलो. म्हणजे आपली राज्यं एकमेकांशी जे करत होती, तेच आपण जगाशी करत होतो.

२०२३ मध्ये आपण पुढचं पाऊल टाकलं. महाराष्ट्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि छत्तीसगडमधली २६ पोल्ट्री संकुलं बर्ड फ्लूमुक्त म्हणून जाहीर झाली, जागतिक पशुआरोग्य संघटनेनंही ती मान्य केली. आता ओळख राज्याची नाही, फार्मची. उत्तम! पण अशी कडेकोट व्यवस्था मोठ्यांना परवडते. पेण-रोह्यात कंपनीची पिल्लं करारावर वाढवणाऱ्याला, परसात दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या मावशीला हा दाखला कोण देणार?

जानेवारी २०२५ मध्ये पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात, जंगल सत्याग्रहाच्या चिरनेरमध्ये, बर्ड फ्लू निघाला. वर्तुळं पुन्हा आखली गेली. वर्तुळातले पक्षी मारले तर भरपाई मिळते, आणि तिचा भार केंद्र-राज्य अर्धा अर्धा उचलतात. पण वर्तुळाबाहेर, पक्षी धडधाकट असूनही भाव पडला, व्यापारी फिरकला नाही, तर त्या नुकसानीचा रकाना कोणत्याच अर्जात नाही.

इतिहास इतकंच सांगतो: चाचणी करणं पुरेसं नाही, एकाची चाचणी दुसऱ्यानं मानायला हवी. तोवर निरोगी कोंबडीलाही स्वतःचा पत्ताच नडणार.

तुमच्या गावी पोपटी लागली की मडक्यातली कोंबडी कुठून आली, एवढं विचारून बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!