सिडनी, २००० : ३६८ दिवसांचं काम

"अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पुढच्या रिलीजला बघू." वेबवर काम करणाऱ्या कुणीही हे वाक्य ऐकलं नाही असं होणार नाही. वेळ नाही, बजेट नाही, ही सबब एकदा ऑस्ट्रेलियात थेट सुनावणीपर्यंत पोचली होती. त्याची ही गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये आली खरी, पण त्या काळचे ब्राउझर तिला धड जुमानत नव्हते. मग पान मांडायचं कसं? डिझायनर मंडळींनी जुगाड काढला : टेबल. डावीकडे मेनू, मधे मजकूर, उजवीकडे जाहिरात, सगळं न दिसणाऱ्या चौकटींत कोंबायचं. मधे जागा सोडायची तर एक पिक्सेलची पारदर्शक गिफ ताणून बसवायची. डोळ्यांना एकदम झकास! पण तेव्हाचे बरेच स्क्रीनरीडर पडद्यावरची ओळ सरळ आडवी वाचत. म्हणजे मेनूतला एक शब्द, लगेच बातमीतले चार, मग जाहिरातीतले दोन... लागली वाट. त्यात चित्राला ऑल्ट मजकूर नसेल तर चित्रातलं बटण कशाचं, हे कळायला मार्गच नाही.

ब्रूस मॅग्वायर जन्मापासून अंध. कॉम्प्युटर ते ब्रेल डिस्प्लेवर वाचत. जून १९९९ मध्ये त्यांनी सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. वेबसाइटबद्दल त्यांच्या मागण्या तीनच : चित्रांना ऑल्ट मजकूर द्या, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीकडे जाता येऊ द्या आणि निकालांची टेबलं वाचता येतील अशी करा. यात काही रॉकेट सायन्स नव्हतं, बरं का. डब्ल्यूथ्रीसीची डब्ल्यूसीएजी १.० ही मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९ मध्येच आली होती.

समितीचं उत्तर मात्र वाचण्यासारखं आहे. निकालांच्या पानांचे १२९५ टेम्प्लेट आहेत, एका माणसाला रोज आठ तास धरून ३६८ दिवस लागतील, आणि खर्च किमान २१ लाख ८० हजार डॉलर! इस्टिमेट फुगवण्याची कला आपल्याकडेही कमी नाही, पण हे बघून मी हात जोडले. टेम्प्लेट ही चीजच मुळात एकदा दुरुस्त करून सगळीकडे वापरण्यासाठी असते ना? मॅग्वायर यांच्या बाजूने साक्ष द्यायला आलेल्या जटा ट्रेव्हिरानस आणि टॉम वर्थिंग्टन या तज्ज्ञांनीही हा आकडा मानला नाही. त्यांच्या हिशेबाने काम आणि खर्च, दोन्ही खूपच कमी होतं. शिवाय साइट बांधतानाच ही काळजी घेतली असती तर वेगळा खर्च असा फारसा आलाच नसता. मला विचाराल तर खरा मुद्दा हाच आहे.

२४ ऑगस्ट २००० ला आयोगाने निकाल दिला. १९९२ च्या अपंगत्व भेदभाव कायद्यात 'अवाजवी त्रास' ही पळवाट आहे, तिचा आधार समितीला मिळाला नाही. १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, साइट सुधारा असा आदेश निघाला. समितीने तो अर्धवटच पाळला. पुढे मॅग्वायर यांना २० हजार डॉलर भरपाई मिळाली, पण तोवर स्पर्धा आटोपलीही होती. ज्या निकालांसाठी ते भांडले, ते ऐन स्पर्धेत त्यांना नीट वाचता आलेच नाहीत.

टेबलांचा जमाना कधीच गेला. २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आहे, कुठलीही चौकट कुठेही नेता येते. गंमत म्हणजे यातही तोच जुना घोळ घालता येतो. ग्रिडने चौकट फक्त डोळ्यांपुरती हलते. स्क्रीनरीडर सहसा एचटीएमएलचाच क्रम धरतो, टॅबही त्याच वाटेने जातो. तुमच्या पानावर माऊस बाजूला ठेवून नुसतं टॅब दाबत जा आणि फोकस कुठून कुठे उड्या मारतो ते बघा.