हवेतच उमटणारा लेसर

लेसर म्हटले की दोन टोकांना आरसे आणि मध्ये स्फटिक किंवा वायूने भरलेली नळी, असे उपकरण डोळ्यांसमोर येते. परंतु नळी व आरसे यांच्याविना, मोकळ्या हवेतही लेसर प्रकाश निर्माण करता येतो.

त्यासाठी अत्यंत तीव्र आणि अल्पकालीन लेसर स्पंद वापरतात. हे स्पंद बहुधा काही फेम्टोसेकंदांचे असतात. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केल्यास त्यांपैकी एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. असे शक्तिशाली स्पंद मिळवण्याचे तंत्र डोना स्ट्रिकलँड व जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडले आणि २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार, दीपक माथूर आदी शास्त्रज्ञांनी अशा स्पंदांचा पदार्थावर होणारा परिणाम अभ्यासला आहे.

स्पंदाची शक्ती काही गिगावॅटपलीकडे गेली की हवाच भिंगासारखी वागते आणि किरण आपोआप एकवटतो. तीव्रता फार वाढली, की रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा तयार होतो व तो किरणाला पसरवू लागतो. या दोहोंचा तोल साधला, की केसाएवढा बारीक प्रकाशतंतू हवेत तयार होतो. त्यातील नायट्रोजनचे उत्तेजित रेणू अतिनील प्रकाश देतात आणि तंतूच्या लांबीबरोबर हा प्रकाश वर्धित होत जातो. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये ही क्रिया नोंदवली.

२०११ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी निराळा मार्ग दाखवला. २२६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील स्पंदांनी त्यांनी हवेतील ऑक्सिजनचे रेणू फोडले व सुटलेल्या अणूंना उत्तेजित केले. त्यातून ८४५ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर किरण निघाला आणि तो मूळ स्पंदाच्या उलट दिशेने परतला.

खरे महत्त्व या परतण्यालाच आहे. दूरच्या हवेतील प्रदूषक किंवा स्फोटकांचे अंश ओळखण्यासाठी सोडलेला प्रकाश एरवी चहूकडे विखुरतो. त्याचा अत्यल्प भाग निरीक्षकाकडे येतो. हवेतच उमटलेला किरण मात्र एकवटून माघारी येतो आणि वाटेतील वायूंची खूण सोबत आणू शकतो.

अडचणीही आहेत. नायट्रोजनच्या उत्तेजित रेणूंची ऊर्जा हवेतील ऑक्सिजन झटकन काढून घेतो, त्यामुळे उलट दिशेचा किरण क्षीण होतो. या मर्यादेवर मात करणे, हेच या संशोधनापुढील मोठे आव्हान आहे.