नऊवारीपासून पाचवारीपर्यंत

ज्ञातीचा इतिहास म्हणजे कुळांचा, कुलदैवतांचा व कर्त्या पुरुषांचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु घरोघर दांडीवर वाळणाऱ्या वस्त्रांनाही इतिहास असतो, आणि आपले गुणदोष त्यात अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून स्त्रियांच्या नित्याच्या नेसणीविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. कासोटा घातला की पाय मोकळे राहतात. जात्यावर बसणे, पाणी शेंदणे, भात लावणे ही सारी कामे त्यात निर्वेधपणे होत. परकर नको, की शिवण नको. इरकली लुगड्याची रचना तर मनन करण्याजोगी आहे. अंगाला लागणारा भाग सुती, लोकांच्या नजरेत भरणारा पदर रेशमी, आणि दोन्ही मागावरच एकमेकांत गुंतविलेले. सोय आणि शोभा यांचा मेळ आपल्या विणकरांनी किती पूर्वी घातला होता, हे यावरून ध्यानी येईल.

मग हे वस्त्र मागे का पडले? कारण जगण्याची रीत पालटली. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत एवढे लांब लुगडे धुवावे कसे व वाळवावे कोठे? शाळेची वा कचेरीची वेळ गाठणाऱ्या स्त्रीस झटपट नेसता येणारे वस्त्र हवे होते. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कापडाची टंचाई झाली व १९४३ साली सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. अशा दिवसांत निम्म्याहून थोड्या अधिक कापडात भागणारे गोल पातळ अनेक घरांना परवडणारे ठरले. परकर निराळा लागे, हे खरे. तरीही हिशेब जुळत असे.

गोल नेसण ही परकी फॅशन, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. वस्तुतः तिच्या आधुनिक रूपाचा एक धागा मुंबईतूनच निघतो. सत्येंद्रनाथ ठाकूर हे १८६३ साली सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी येथील पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, तीत आपल्या सोयीप्रमाणे फेरफार केले आणि परकर-पोलक्यासह ती बंगालात नेली.

आता एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पुरुषांनी पगडी उतरवून टोपी घातली, पुढे टोपीही उतरवली. अंगरखा टाकून कोट व सदरा स्वीकारला. त्यावर थोडी कुरकुर झाली व विरली. परंतु घरच्या सुनेने विकच्छ नेसताच तिच्या शीलापर्यंत चर्चा गेली. ‘देवघरात सकच्छच यावे’ या अटीपायी कित्येकींना दिवसातून दोनदा वस्त्र बदलावे लागले. आज ऐंशी ओलांडलेल्या आपल्या भगिनींना हे सारे स्मरत असेल. पुरुषांची ती सोय आणि स्त्रियांचा तो थिल्लरपणा, असा न्याय आम्ही वडीलधाऱ्यांनीच केला. तो चुकीचा होता, हे येथे कबूल करतो.

काळाची गंमत अशी, की तेच पाचवारी पातळ आज आपण ‘परंपरा’ म्हणून मिरवितो, आणि सलवार-कमीज घालणाऱ्या मुलीस त्याच शब्दांत बोल लावतो. नऊवारी तर आता शिवून मिळते व पाडव्याच्या शोभायात्रेत हौसेने नेसली जाते. त्याचा आम्हांस आनंदच आहे. सणाचे वस्त्र सणाला शोभते. नित्याचे वस्त्र मात्र जिला दिवसभर अंगावर वागवावयाचे, तिनेच निवडावे. पुढील संमेलनास येणाऱ्या लेकीसुनांच्या पोशाखाकडे बोट दाखविण्यापूर्वी ज्ञातिबांधवांनी आपल्या उघड्या मस्तकावरून एकवार हात फिरवून पाहावा, एवढीच विनंती.