एरर न देणाऱ्या चुका : रिलेशनल डेटाबेसच्या दुखण्यांचा इतिहास

क्वेरी चालवली, सेकंदभरात उत्तर आलं, लाल अक्षरांत काहीही आलं नाही. तरीही उत्तर चुकीचं आहे. डेटाबेसबरोबर काम करताना खरी भीती याची असते. लाल एरर आला तर तो गुगलवर टाकता येतो आणि कुणीतरी आधी तिथे ठेच खाल्लेली असते. पण चुकीचं उत्तर सभ्यपणे समोर आलं, तर ते थेट तुमच्या आलेखात जातं आणि तिथून प्रबंधात.

माझं पीएच.डी.चं काम पावसाच्या नोंदींवर आहे. केंद्र, तारीख, मिलिमीटर असे साधे रकाने आणि लाखो ओळी. त्यामुळे या दुखण्यांशी रोजची गाठ पडते. पण आज मला 'पाच उपाय' अशी यादी द्यायची नाही. या प्रत्येक दुखण्याला जन्मतारीख आहे. कुणीतरी, कधीतरी, काही चांगल्या कारणासाठी एक निर्णय घेतला आणि त्याची किंमत आपण आज मोजतो. तो निर्णय कळला की उपाय पाठ करावा लागत नाही.

सुरुवात १९७० पासून करू. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये माहिती झाडासारखी किंवा जाळ्यासारखी रचलेली असायची. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली तर अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला जन्माला आली. अशा प्रणालीत एखादी नोंद हवी असेल, तर तिथवर पोचायचा रस्ता प्रोग्रॅमरलाच माहीत असावा लागे: या नोंदीवरून त्या नोंदीवर, तिथून पुढच्या. रचना बदलली की रस्ते बदलायचे आणि सगळे प्रोग्रॅम मोडायचे. एडगर कॉड हा आयबीएममधला इंग्रज गणितज्ञ. जून १९७० मध्ये त्याने एका लेखात सुचवलं की माहिती साध्या टेबलांत ठेवा, आणि वापरणाऱ्याने फक्त 'काय हवं' ते सांगावं. 'कसं आणायचं' ते यंत्र बघेल. १९८१ मध्ये त्याला याच कामासाठी ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

केवढी मोठी सोय झाली! पण सोय झाली तिथेच पहिलं दुखणंही सुरू झालं. 'कसं' ते यंत्रावर सोपवलं, म्हणजे यंत्राने काय केलं ते आपल्याला दिसेनासं झालं.

याचा सर्वांत गमतीदार पुरावा आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत मिळाला. कॉडची कल्पना प्रत्यक्षात आणायला तिथे 'सिस्टिम आर' नावाचा प्रकल्प चालू होता. आजची एसक्यूएल भाषा तिथलीच. सत्तरच्या दशकात, ऐन हॅलोवीनच्या दिवशी, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्रॅहन यांना एक विचित्र प्रकार दिसला. क्वेरी साधी होती: ज्यांचा पगार २५,००० डॉलरपेक्षा कमी आहे, त्यांना १० टक्के वाढ द्या. क्वेरी विनाएरर चालली. पाहतात तर, सगळ्यांचाच पगार २५,००० च्या वर!

झालं असं, की यंत्राने ओळी शोधायला पगाराचाच इंडेक्स वापरला. इंडेक्स म्हणजे पगाराच्या चढत्या क्रमाने लावलेली यादी. २०,००० वाला सापडला, त्याचा पगार २२,००० झाला, आणि म्हणून तो यादीत पुढे सरकला. यंत्र पुढे चालत गेलं, तर तोच माणूस पुन्हा भेटला. पुन्हा वाढ: २४,२००. पुन्हा भेट, पुन्हा वाढ: २६,६२०. आता कुठे तो अटीच्या बाहेर गेला. या प्रकाराला आजही 'हॅलोवीन प्रॉब्लेम' म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे आधी कुणाकुणाला वाढ द्यायची ती यादी पक्की करायची, मगच हात लावायचा. आजचे डेटाबेस हे आपणहून करतात, त्यामुळे हा भुताटकीचा अनुभव तुम्हाला बहुधा येणार नाही. पण डेटाबेसमधून एकेक ओळ वाचत वाचत त्याच टेबलात बदल करणारी स्क्रिप्ट तुम्ही पायथॉनमध्ये लिहिलीत, तर तो धोका तुम्ही स्वतःच्या हाताने परत आणता.

याच सेलिंजर यांचं नाव दुसऱ्या एका दुखण्याशीही जोडलेलं आहे. 'कालपर्यंत दोन सेकंदांत होणारी क्वेरी आज वीस मिनिटं का घेतेय?' हे ते दुखणं. एकच उत्तर आणायचे अनेक मार्ग असतात. १९७९ मध्ये सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यंत्राने प्रत्येक मार्गाचा अंदाजे खर्च काढावा आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडावा. आजचे बहुतेक डेटाबेस हेच करतात. पण खर्चाचा अंदाज टेबलाविषयीच्या आकडेवारीवर अवलंबून असतो: ओळी किती, वेगळी मूल्यं किती. तुम्ही काल रात्री ५० लाख ओळी भरल्या आणि यंत्राच्या वहीत अजून ५,००० च लिहिलेल्या असतील, तर ते ५,००० ओळींना शोभेल असा मार्ग निवडणार. म्हणून क्वेरी अचानक मंदावली की इंडेक्सवर इंडेक्स लावत बसू नका. आधी 'एक्सप्लेन' लावून यंत्राने कोणता मार्ग निवडलाय ते बघा. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत फार तफावत दिसली, तर 'ॲनलाइज' चालवून वही ताजी करा. यंत्र मूर्ख नसतं, त्याला मिळालेली बातमी जुनी असते.

आता माझ्या विषयाच्या सगळ्यांत जवळचं दुखणं: नल. पावसाच्या नोंदीत शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामं म्हणजे नोंदच झाली नाही. हा फरक पुसला तर दुष्काळाचा अभ्यासच पुसला. १०, २०, रिकामं आणि ३० अशा चार नोंदी घ्या. नल ठेवलात तर सरासरी २० येते, कारण सरासरी काढताना एसक्यूएल नल वगळते. त्या जागी कुणी शून्य भरलं, तर १५ येते. आणि काही जुन्या फायलींमध्ये रिकाम्या जागी उणे ९९९ लिहायची पद्धत असते, ते तसंच आत आलं तर सरासरीचं काय होईल ते तुम्हीच काढा. निदान ते डोळ्यांना खुपतं तरी. १५ खुपत नाही.

म्हणजे नल हवाच. पण त्याची किंमत आहे. 'माहीत नाही' हे मूल्य आत घेतलं, की तर्कशास्त्रात खरं आणि खोटं यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरं उत्तर येतं. १९७९ मध्ये कॉडने हे तीन मूल्यांचं तर्कशास्त्र मांडलं. पुढे त्याला तेही पुरेना: 'माहिती आहे पण मिळाली नाही' आणि 'माहिती लागूच होत नाही' असे दोन वेगळे प्रकार हवेत, असं तो १९९० च्या पुस्तकात म्हणाला. त्याचाच जवळचा सहकारी ख्रिस डेट मात्र नल मुळातच नको या मताचा. दोघांचा हा वाद मिटला नाही, आणि आपण त्या वादाच्या मधोमध राहतो.

त्याचा फटका असा बसतो. समजा तुम्हाला विचारायचंय, 'कोणत्या केंद्रांनी एकही नोंद पाठवली नाही?' तुम्ही 'नॉट इन' वापरून लिहिता: ज्या केंद्रांचे क्रमांक नोंदींच्या टेबलात नाहीत, ती दाखवा. नोंदींच्या टेबलात कुठेतरी एकाच ओळीत केंद्राचा क्रमांक नल आहे. उत्तर येतं: शून्य ओळी. तुम्ही खूश, सगळी केंद्रं नोंदी पाठवतायत!

खरं काय झालं? केंद्र क्रमांक ५ घ्या. यंत्र विचारतं: ५ हा १ पेक्षा वेगळा आहे का? हो. २ पेक्षा? हो. नलपेक्षा? माहीत नाही. 'हो आणि हो आणि माहीत नाही' याचं उत्तर 'माहीत नाही', आणि एसक्यूएल फक्त 'हो' वाल्या ओळी दाखवते. म्हणजे एका रिकाम्या खान्याने सगळं उत्तर गिळलं. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं तर हे होत नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे जो रकाना रिकामा असूच शकत नाही, त्याला टेबल बनवतानाच 'नॉट नल' लावणं.

तिसरं घराणं एकाच वेळी काम करणाऱ्यांच्या भांडणाचं. खात्यात ५,००० रुपये आहेत. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी शिल्लक वाचतात. पहिला १,००० काढून ४,००० लिहितो, दुसरा २,००० काढून ३,००० लिहितो. शेवटी शिल्लक ३,०००. असायला हवी होती २,०००. दोघांचंही गणित बरोबर, तरी हजार रुपये हवेतून आले. या प्रश्नाला शिस्त लावणाऱ्यांत जिम ग्रे हे मोठं नाव, तेही 'सिस्टिम आर' मधलंच. १९७६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ट्रान्झॅक्शनने कुलपं कशी लावावीत आणि कधी सोडावीत याचा नियम मांडला: एकदा कुलूप सोडायला सुरुवात केली की नवं लावायचं नाही.

कुलपं आली की अडकणंही आलं. एकाने पहिलं खातं धरलंय आणि त्याला दुसरं हवंय. दुसऱ्याने दुसरं धरलंय आणि त्याला पहिलं हवंय. डाइक्स्ट्राने १९६५ मध्ये याला 'जीवघेणी मिठी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. आपण डेडलॉक म्हणतो. हा एरर पाहून माणसं घाबरतात, डेटाबेस बिघडला म्हणतात. उलट आहे. मिठी ओळखून डेटाबेसने एकाला बाजूला काढलं आणि त्याचं अर्धवट काम पुसलं, ही चांगली बातमी आहे. मायएसक्यूएलचा १२१३ क्रमांकाचा एरर तर ट्रान्झॅक्शन पुन्हा सुरू करा असं स्वतःच सांगतो. ते करा, आणि सगळ्या प्रोग्रॅमना कुलपं एकाच क्रमाने लावायला लावा.

पण डेडलॉक किमान ओरडतो. मघाचे हजार रुपये गुपचूप येतात. कारण सगळ्यांना एकमेकांपासून पूर्ण वेगळं ठेवणं महाग पडतं, म्हणून १९९२ च्या एसक्यूएल मानकाने वेगळेपणाच्या चार पायऱ्या ठेवल्या. १९९५ मध्ये ग्रे आणि इतरांनी एक लेख लिहून दाखवलं की या पायऱ्यांच्या व्याख्याच संदिग्ध आहेत. परिणाम आजही दिसतो: पायरीचं नाव एकच, वागणूक प्रत्येक डेटाबेसची वेगळी. पोस्टग्रेसमध्ये 'सीरियलायझेबल' ही सर्वांत वरची पायरी खऱ्या अर्थाने २०११ च्या ९.१ आवृत्तीत आली. शिवाय न सांगता मिळणारी पायरी सहसा खालचीच असते. म्हणून शिल्लक वाचून, पायथॉनमध्ये वजाबाकी करून परत लिहू नका. 'शिल्लक बरोबर शिल्लक वजा १,०००' हे अपडेटमध्येच लिहा.

शेवटचं दुखणं आपल्या लिपीचं. मायएसक्यूएल स्वीडनमधलं, त्यामुळे बराच काळ त्याची न सांगता मिळणारी अक्षरमाला लॅटिन आणि क्रम लावायची पद्धत स्वीडिश होती. तिथे मराठी भरलं की दोन प्रकार दिसतात. एक, प्रश्नचिन्हांची रांग. दोन, डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' पुन्हा पुन्हा. दोन्ही सारखेच वाईट वाटतात, पण नाहीत. दुसऱ्यात मूळ बाइट शाबूत असतात, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातात. तो 'ए' म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट. हे दुरुस्त होतं. प्रश्नचिन्हं खरोखरच साठवली गेली असतील, तर मूळ मजकूर गेला.

पुढे मायएसक्यूएलने 'यूटीएफ८' दिलं, पण अक्षरामागे तीनच बाइट. देवनागरीला तीन पुरतात, इमोजीला चार लागतात. म्हणून मराठी व्यवस्थित आणि इमोजी आला की घोळ. चार बाइटवालं 'यूटीएफ८एमबी४' २०१० मध्ये आलं आणि त्याने नवा घोळ घातला. इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट; २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५, बसत होतं; गुणिले ४ म्हणजे १,०२०, बसेना. जुन्या कोडमध्ये 'व्हारचार १९१' हा चमत्कारिक आकडा दिसतो तो यामुळे: ७६७ भागिले ४.

आणि खास मराठी म्हणावी अशी एक गोष्ट. 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड' हे दोन शब्द नीट बघा. फरक दिसत नाही ना? पहिल्यात नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' आहे. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. वेगवेगळ्या कीबोर्डवरून दोन्ही येतात, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. बाइटांची तुलना करणाऱ्या डेटाबेसच्या लेखी ही दोन गावं आहेत. पावसाचं टेबल आणि लोकसंख्येचं टेबल गावाच्या नावावर जोडलंत, तर ते गाव गुपचूप गळतं. यादीतून गाव गळणं म्हणजे एखाद्या योजनेतूनही गाव गळणं असू शकतं. म्हणून नावावर जोडू नका, जनगणनेच्या सांकेतांकावर जोडा. आणि नाइलाज असेल तर आधी एकच रूप ठरवून सगळी नावं त्यात आणा.

उत्तर संशयास्पद वाटलं, की मी या क्रमाने जाते: जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर ओळी मोजायच्या, प्रत्येक रकान्यात नल किती ते बघायचं, यंत्राने निवडलेला मार्ग बघायचा, त्याच वेळी दुसरं कोण लिहितंय ते विचारायचं, आणि मजकूर असेल तर त्याचे बाइट उघडून बघायचे. दहा मिनिटं लागतात. पुढच्या वेळी एखाद्या क्वेरीने 'शून्य ओळी' असं उत्तर दिलं, तर आनंद मानण्याआधी तेवढी दहा मिनिटं द्या.