नायिका न झालेली तारका : के. बी. सुंदरांबाळ

१९३५ साली भारताच्या दोन टोकांना दोन संतपट पडद्यावर आले. पुण्यात ‘प्रभात’ने ‘धर्मात्मा’ काढला. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजवलेले बालगंधर्व त्यात पुरुषवेशात, संत एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. त्याच वर्षी तमिळ भाषेत ‘नंदनार’ आला आणि त्यात शिवभक्त नंदनाराची भूमिका एका स्त्रीने केली. तिचे नाव कोडुमुडी बालांबाळ सुंदरांबाळ. दोन्ही चित्रपटांचा विषय अस्पृश्यतेचा. पुणे करार होऊन तीनच वर्षे झाली होती, गांधीजींचा हरिजन दौरा नुकता संपला होता. ‘धर्मात्मा’चे मूळ नाव ‘महात्मा’ होते आणि सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले, एवढ्यावरूनही त्या काळाचे वारे कळते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात पुरुषाने स्त्री होण्याला आपण मोठे स्थान दिले आहे. स्त्रीने पुरुष होण्याची कथा आपल्याला तितकीशी परिचित नाही. तमिळ चित्रपटातली ही कथा मात्र केवळ वेषांतराची नाही. सुंदरांबाळ पडद्यावर पुरुष झाल्या, संन्यासिनी झाल्या, वृद्ध कवयित्री झाल्या. पण प्रियकराबरोबर गाणारी नायिका कधीच झाल्या नाहीत. असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे.

सुंदरांबाळ यांचा जन्म १९०८ सालचा, कावेरीकाठच्या कोडुमुडी गावचा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. लहानपणी ही मुलगी आगगाडीत गाऊन पैसे मिळवी आणि तिथेच तिचा आवाज नाटकवाल्यांच्या कानी पडला, असे सांगतात. रंगभूमीवर ती आली तीच मुलांच्या भूमिका करत. तमिळ नाटकांचे ते शंकरदास स्वामिगळ यांचे युग होते. पुराणकथा, गाण्यांची रेलचेल आणि ध्वनिक्षेपकाचा पत्ता नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा उंच पट्टीतला, स्वच्छ शब्दोच्चाराचा आवाज हेच नटाचे भांडवल. सुंदरांबाळ यांच्यापाशी ते भरपूर होते.

तमिळ नाटकवाल्यांच्या बोलीत ‘राजापार्ट’ आणि ‘स्त्रीपार्ट’ हे शब्द होते, हे वाचून मराठी वाचकाला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. तंजावरचे मराठी राज्य आणि दक्षिणेत फिरलेल्या पारशी व मराठी नाटक मंडळ्या, या वाटांनी दोन्ही रंगभूमींमध्ये बरीच देवघेव झाली होती. त्यांच्यात एक मोठा फरकही होता. वेगवेगळ्या मंडळ्यांतले नामवंत नट एका रात्रीपुरते ठेक्यावर एकत्र यायचे आणि सर्वांना पाठ असलेले नाटक करायचे, ही ‘स्पेशल नाटका’ची पद्धत तिकडे रुळलेली होती. आपल्याकडे बालगंधर्व आणि केशवराव भोसले १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले, तो ‘संयुक्त मानापमान’ अपूर्वाईचा म्हणून आजही आठवला जातो. तमिळ मुलखात अशा रात्री नित्याच्या होत्या. त्यामुळे नटाचे, आणि विशेष म्हणजे नटीचे, मोल एका मंडळीच्या मालकाच्या हाती न राहता बाजारात ठरे. सुंदरांबाळ यांना आपल्या आवाजाची किंमत कळली ती या व्यवहारात.

कोलंबोतही तमिळ नाटकांना मोठा प्रेक्षक होता. तिथल्या रंगभूमीवर त्यांची जोडी एस. जी. किट्टप्पा यांच्याशी जमली. सेंगोट्टैचे किट्टप्पा वयाने त्यांच्याहून थोडेच मोठे आणि त्यांच्याइतकेच चढ्या आवाजाचे. ‘वळ्ळी तिरुमणम’ या मुरुगन आणि वळ्ळीच्या विवाहकथेतले त्यांचे सवाल-जवाब ऐकायला गावेच्या गावे लोटत. रंगमंचावरच्या या जोडीचे लग्नही झाले. किट्टप्पा ब्राह्मण, आधीच विवाहित. सुंदरांबाळ ब्राह्मणेतर, नाटकातली बाई. समाजाच्या दृष्टीने या नात्याला किती मान होता, हे वेगळे सांगायला नको. १९३३च्या डिसेंबरात किट्टप्पा वारले. त्यांनी तिशीही गाठली नव्हती. सुंदरांबाळ तेव्हा पंचविशीत होत्या.

त्यानंतर त्यांनी पांढरी साडी नेसली, दागिने उतरवले आणि यापुढे कोणत्याही पुरुषाची जोडीदारीण म्हणून रंगमंचावर उभी राहणार नाही, असे ठरवले. शेवटपर्यंत त्यांनी ते पाळले.

या व्रताकडे पतिनिष्ठेचा आदर्श म्हणून पाहण्याची रीत आहे. तमिळ चरित्रलेखनात तो सूर प्रबळ आहे आणि त्यांच्या दुःखाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट पाहायला हवी. ज्या स्त्रीचे लग्न लोकांनी जेमतेम मान्य केले होते, तिचे वैधव्य मात्र त्यांनी पूर्ण मान्य केले. पत्नी म्हणून जो मान मिळाला नव्हता, तो विधवा म्हणून मिळाला. आणि व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, तर पंचविशीतल्या नटीपुढे त्या काळी खुली असलेली एकमेव वाट, म्हणजे नायिकेची, तिने स्वतःच बंद केली होती.

‘नंदनार’ने ही कोंडी फोडली. निर्माता असनदास चित्रपटाचा प्रस्ताव घेऊन आला तेव्हा त्याने परत जावे म्हणून सुंदरांबाळ यांनी एक लाख रुपये मागितले आणि तो कबूल झाला, असे सांगितले जाते. एक लाखाचा हा आकडा तेव्हा सर्वतोमुखी झाला. तमिळ बोलपट जन्मून अवघी चार वर्षे झाली होती. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ १९३१ साली मुंबईच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला होता आणि त्याची नायिका टी. पी. राजलक्ष्मीही रंगभूमीवरूनच आलेली. एवढ्या कोवळ्या धंद्यात एका नटीवर, तीही प्रेमप्रसंग न करणाऱ्या नटीवर, एवढी रक्कम लावली गेली. पुरुषाची भूमिका घेतल्याने व्रत अबाधित राहिले आणि पडद्यावर नायकाची जागाही मिळाली.

नंदनार हा त्रेसष्ट नायन्मारांपैकी एक. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी त्याच्यावर जे संगीत आख्यान रचले, ते तमिळ घराघरांत पोहोचले होते. अस्पृश्य शेतमजूर असलेल्या नंदनाराला चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हवे आहे. ब्राह्मण जमीनदार अट घालतो, की चाळीस वेली शेताची कापणी आधी झाली पाहिजे. ती एका रात्रीत, दैवी कृपेने होते आणि जमीनदार नंदनारापुढे नमतो. चित्रपटात हा जमीनदार कर्नाटक संगीतातले थोर गवई महाराजपुरम विश्वनाथ अय्यर यांनी रंगवला. म्हणजे पडद्यावर संगीतसभेतला प्रतिष्ठित ब्राह्मण गवई नाटकवाल्या बाईपुढे नमताना दिसला. कथेतली विषमता आणि कलावंतांच्या जगातली विषमता, दोन्ही त्या एका प्रसंगात एकवटल्या. मराठीतही ‘धर्मात्मा’तले एकनाथ महाराच्या घरी जेवायला जातात. मात्र तिथे वरच्या वर्णाचा संत खाली उतरतो. इथे ज्याला खाली ठेवले, तो दाराशी येऊन उभा राहतो.

तो दारातून आत जातो कसा, हा खरा प्रश्न आहे. आख्यानात नंदनाराला मंदिरात जाण्यापूर्वी अग्नीतून जावे लागते. तो त्यातून शुद्ध होऊन, जणू ब्राह्मण होऊन बाहेर पडतो. दलित विचारवंतांनी या शेवटावर योग्य बोट ठेवले आहे : दार उघडते, पण आत जाणाऱ्याला आधी स्वतःला जाळावे लागते. सुंदरांबाळ यांच्या कारकिर्दीलाही हा न्याय लागू पडतो, असे मला वाटते. नाटकवाल्या बाईला प्रतिष्ठितांच्या जगात प्रवेश मिळाला, तो तिने आपले तारुण्य पांढऱ्या साडीत गुंडाळल्यानंतर.

पुढच्या भूमिका याच वाटेने गेल्या. १९४० साली बौद्ध भिक्षुणी मणिमेकलै. १९५३ साली एस. एस. वासन यांच्या ‘जेमिनी’चा भव्य ‘अव्वैयार’. दंतकथेतली अव्वै लग्न टाळण्यासाठी गणपतीकडे वार्धक्य मागून घेते आणि तत्क्षणी म्हातारी होते. मग राजदरबारापासून झोपडीपर्यंत ती मुक्तपणे फिरते, राजांना चार गोष्टी सुनावते. ही भूमिका सुंदरांबाळ यांना मिळावी, यात योगायोग कमी आणि औचित्य जास्त आहे. १९६४ साली करुणानिधींच्या लेखणीतून उतरलेल्या ‘पूंपुहार’मध्ये त्या जैन साध्वी कवुंदी अडिगळ झाल्या. लेखक द्रविड चळवळीचा, नटी हाडाची काँग्रेसची. १९६५च्या ‘तिरुविळैयाडल’मध्ये रुसलेल्या मुरुगनाची समजूत घालणारी अव्वै पुन्हा त्याच.

त्यांचे काँग्रेसपण नावापुरते नव्हते. खादी, गांधी, स्वराज्य यांवरची त्यांची गाणी ध्वनिमुद्रिकांवरून गावोगावी गेली. सत्यमूर्तींबरोबर त्या १९३७च्या निवडणुकीत प्रचारसभांतून गायल्या. १९५१ साली त्या मद्रास विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. चित्रपटसृष्टीतून विधिमंडळात गेलेल्या देशातल्या पहिल्या व्यक्ती म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे अण्णादुरै, करुणानिधी, एम. जी. रामचंद्रन, जानकी आणि जयललिता असे चित्रपटाशी नाते असलेले पाच मुख्यमंत्री तमिळनाडूने पाहिले. पडद्यापासून सभागृहापर्यंतच्या या रस्त्याचा आरंभ सांगताना द्रविड पक्षांचे नाव प्रथम येते. त्याआधी या वाटेने एक काँग्रेसवाली विधवा गायिका चालून गेली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

१९६९च्या ‘तुणैवन’मधील गाण्यांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७० साली पद्मश्री मिळाली. १९८० साली त्यांचे निधन झाले. चार दशकांच्या चित्रपट कारकिर्दीत त्यांचे चित्रपट मोजकेच आहेत.

त्यांच्या संयमाची स्तुती करताना त्या काळातल्या इतर नटींचा विसर पडू नये. ज्यांनी पांढरी साडी नेसली नाही, दुसरे घर केले, प्रेमाच्या भूमिका केल्या, त्यांच्याही गळ्यात तोच सूर होता आणि पाठीशी तेच कष्ट. ‘कालिदास’च्या राजलक्ष्मीने १९३६ साली ‘मिस कमला’ स्वतः दिग्दर्शित केला, तरी तिला संत कोणी म्हटले नाही. सुंदरांबाळ यांनी समाजाने घातलेल्या अटी ओळखल्या आणि त्यांच्या आत राहून आपला मोबदला, आपल्या भूमिका आणि आपला आवाज स्वतःच्या हाती ठेवला. त्यांचे हे कर्तृत्व मोठे आहे. त्या अटी त्यांना पाळाव्या लागल्या, हेही त्याच इतिहासात लिहिले गेले पाहिजे.